डेंग्यू जनजागृतीने खरंच फरक पडला का, हे वस्तीत मोजायचं कसं

पावसाळा संपला की माझ्याकडे अहवाल तपासायला यायला लागतात. कधी समाजकार्याची पोरं, कधी नर्सिंगच्या मुली, कधी एखादी छोटी संस्था. सगळ्यांत लिहिलेलं एकच: इतकी सत्रं घेतली, इतक्या महिला हजर, इतकी पत्रकं वाटली, पथनाट्य केलं, सोबत फोटो. मी विचारतो की बाबांनो, पिंपातल्या अळ्या कमी झाल्या का? तर म्हणतात सर ते बघितलं नाही, पण प्रतिसाद चांगला होता.

प्रतिसाद म्हणजे परिणाम नाही. गोंधळ दरवर्षी त्याच चार-पाच ठिकाणी होतो, म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. उदाहरण डेंग्यूचंच घेतोय, कारण आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसाआड येतं, म्हणून घरोघरी पिंपं, हौद, रांजण भरलेले आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला तेच लागतं. रक्तक्षय, बीपी-शुगर, बाळाला ओआरएस देणं असा विषय असला तरी पायऱ्या याच, फक्त बघायच्या गोष्टी बदलतात.

पायरी १: काय बदलायला पाहिजे ते एका कागदावर लिहा

हे सत्र ठरवायच्या आधी करायचं. कागदावर चार रकाने आखा. पहिल्यात आपण काय करणार, म्हणजे सत्रं, घरभेटी वगैरे. दुसऱ्यात लोकांना काय कळलं पाहिजे. तिसऱ्यात लोकांनी काय करायला पाहिजे. चौथ्यात त्यामुळे काय कमी व्हायला पाहिजे.

डेंग्यूसाठी दुसरा रकाना असा: हा डास गटारात नाही, घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो आणि दिवसा चावतो. तिसरा: पिंप घट्ट झाकणं, आठवड्यातून एकदा रिकामं करून घासणं, कूलर आणि फ्रिजमागचा ट्रे कोरडा करणं, ताप आला तर मेडिकलमधून मनाने ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन न घेता दवाखान्यात जाणं. चौथा: अळ्या असलेली घरं कमी होणं.

बघा, चौथ्या रकान्यात मी डेंग्यूचे पेशंट लिहिले नाहीत. एका वस्तीत हे आकडे इतके छोटे असतात की गेल्या वर्षी सहा आणि यंदा तीन यावरून काहीच सिद्ध होत नाही. उलट काम चांगलं झालं तर नोंदलेले पेशंट वाढूही शकतात, कारण आधी जे अंगावर ताप काढायचे ते आता टेस्ट करायला जायला लागतात. मग अहवालात कुणीतरी विचारणार की तुम्ही शिकवलं आणि डेंग्यू वाढला कसा.

तपासा: तिसऱ्या रकान्यातली प्रत्येक गोष्ट त्या वस्तीत शक्य आहे का? पाणी पाच दिवसांनी येणाऱ्या घरात "पाणी साठवू नका" हे सांगणंच चुकीचं, त्यामुळे ते मोजायचंही नाही. "नळ यायच्या आदल्या दिवशी पिंप घासा" हे जमतं.

पायरी २: पहिलं सत्र घेण्याआधी पहिली पाहणी

सगळ्यात जास्त माती इथे होते. उद्घाटनाची तारीख ठरते, नगरसेवकांची वेळ मिळते, बॅनर छापून येतो आणि बेसलाइन, म्हणजे ही पहिली पाहणी, राहून जाते. मीच एकदा एका संस्थेबरोबर हे केलंय. सहा महिन्यांनी आमच्याकडे ७० टक्के घरांत झाकण असा छान आकडा होता, आणि आधी किती होता हे कुणालाच माहीत नाही, कदाचित आधीही ७० च असेल. मग लोकांना विचारत बसलो की सहा महिन्यांपूर्वी तुमच्या पिंपावर झाकण होतं का ओ. अशी उत्तरं काही कामाची नसतात.

आधीची आणि नंतरची पाहणी एकाच प्रश्नावलीने, एकाच पद्धतीने करायची. मध्ये प्रश्न सुधारायचा मोह होतो, तो आवरा. प्रश्न बदलला की तुलना संपली.

थांबा: पाहणी करताना शिकवायचं नाही. बाई म्हणाली डास गटारात होतो, तर "नाही ओ ताई, स्वच्छ पाण्यात" असं तोंडातून निघतंच. निघू द्यायचं नाही, तिचं उत्तर जसंच्या तसं लिहायचं. फक्त घरात कुणाला ताप दिसला तर मात्र फॉर्म बाजूला ठेवा आणि आधी दवाखान्याचं बघा.

पायरी ३: तुलनेची वस्ती शोधा

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बेसलाइन केली, जानेवारीत एंडलाइन, म्हणजे शेवटची पाहणी, आणि अळ्या निम्म्यावर आल्या. टाळ्या. पण पाऊस थांबून थंडी पडली की अळ्या तशाही कमी होतात, तुम्ही काही केलं नसतं तरी. शिवाय मध्येच महापालिकेची माणसं पाण्यात अबेट (अळ्या मारायचं औषध) टाकून, धूर फवारणी करून गेलेली असतात. ते श्रेय तुम्ही तुमच्या फ्लिपचार्टला देऊन टाकता.

म्हणून जिथे कार्यक्रम नाही अशी दुसरी वस्ती बघायची, आणि दोन्हीकडे त्याच आठवड्यात पाहणी करायची. वस्ती कशी निवडायची? घरांची ठेवण सारखी, पाण्याची पाळी सारखी, कामधंदा सारखा. अशोक चौकाच्या बाजूला विडी कामगारांच्या गल्ल्यांत काम करताय तर तुलनेला जुळे सोलापुरातले फ्लॅट घेऊन उपयोग नाही, तिथे गच्चीवर टाकी आणि पिंपच नाही. नीलम नगरच्या बाजूला बघा, तसंच राहणीमान मिळेल. फार जवळचीही नको, कारण जाऊबाई इकडे आणि बहीण पलीकडच्या गल्लीत असली की तुमचा संदेश तिकडे पोचतोच.

एक विरुद्ध एक वस्तीत धोका असा की एखाद्या ठिकाणी पाइप फुटला, पाणी दहा दिवस आलं नाही, तर सगळा हिशोब बिघडतो. जमलं तर दोन्हीकडे तीन-तीन, चार-चार छोट्या वस्त्या घ्या. नाहीच जमलं तर एक-एक घ्या, पण अहवालात तसं सांगा.

तुलनेच्या वस्तीतल्या लोकांना नुसतं मोजून सोडून द्यायचं नाही. एंडलाइन झाली की तोच कार्यक्रम तिथेही घ्यायचा, आणि हे बजेटमध्ये पहिल्या दिवशीच धरायचं.

पायरी ४: घरं किती आणि कुठली

"५० घरं पुरतील का सर?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. उत्तर तुम्ही किती फरकाची अपेक्षा करताय यावर आहे. ४० टक्के घरांतली झाकणं ६० टक्क्यांवर जातील असं वाटत असेल तर साध्या आधी-नंतर तुलनेला प्रत्येक वेळी साधारण १०० घरं लागतात. ४० वरून ५० च होतील असं वाटत असेल तर जवळपास ३८५. फरक छोटा असेल तर तो पकडायला घरं जास्त लागतात. आणि दोन वस्त्यांमधल्या फरकाचा फरक (एकीकडची वाढ वजा दुसरीकडची वाढ, पायरी १० बघा) काढायचा तर ही संख्या दुप्पट धरा. तीच घरं दोन्ही वेळा बघणार असाल तर थोडी सूट मिळते, गल्लीच्या गल्ली उचलणार असाल तर उलट वाढवावी लागते, कारण एका गल्लीतली घरं एकमेकांसारखीच असतात. वर दहा टक्के कुलूपबंद घरांसाठी.

यादी आशाताईंच्या सर्वे रजिस्टरमधून मिळते, त्यांना विश्वासात घेऊन मागा. समजा १२०० घरं आहेत आणि २०० पाहिजेत, म्हणजे दर सहावं घर. १ ते ६ च्या चिठ्ठ्या टाका, ४ निघाला तर ४, १०, १६ असं पुढे.

थांबा: घर बंद असलं तर शेजारचं घ्यायचं नाही. शेजारी घरी सापडतो म्हणजे तो वेगळा माणूस आहे, दिवसभर घरी असणारा. संध्याकाळी एकदा, सुट्टीच्या दिवशी एकदा, अशा अजून दोन चकरा मारा. तरी नाही सापडलं तर "बंद" लिहून पुढे. आणि कार्यक्रमाला आलेल्या बायकांची हजेरी यादी घेऊन त्यांच्याच घरी जाणं तर अजिबातच नको, कार्यक्रमाला येणाऱ्या आधीच जागरूक असतात.

पायरी ५: प्रश्न लिहिणं

वाईट प्रश्न: "तुम्ही पिंप आठवड्यातून एकदा घासता का?" याला सोलापुरात काय, जगात कुठेही हो हेच उत्तर येतं. चांगला प्रश्न: "हे पिंप मागच्या वेळी कधी रिकामं केलं होतं? कुणी केलं?" मग ती आठवायला लागते, नळ कधी आला होता, त्या दिवशी का आदल्या दिवशी, सूनबाईने का मीच. असं उत्तर खरं असण्याची शक्यता जास्त.

वाईट: "डेंग्यू स्वच्छ पाण्यातल्या डासामुळे होतो हे तुम्हाला माहीत आहे का?" उत्तर प्रश्नातच दिलंत की. चांगला: "डेंग्यूचा डास कुठे तयार होतो?" एवढं विचारून गप्प बसा. पर्याय फॉर्मवर छापलेले असू देत पण वाचून दाखवायचे नाहीत, ती जे बोलली त्यावर खूण करायची. बरेच जण आधी गटार म्हणतात, मग कचरा. "अजून काही?" असं एकदाच विचारा.

तापाचं विचारताना "ताप आल्यावर काय कराल?" नको. "गेल्या महिन्याभरात घरात कुणाला ताप आला होता का? पहिल्या दिवशी काय केलं? गोळी कुठली आणली?" असं. गोळीचं पाकीट घरात असतंच, दाखवायला सांगा.

भाषेचं वेगळं सांगतो कारण हे फार जण विसरतात. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड, काही मोहल्ल्यांत दख्खनी. मराठी फॉर्म घेऊन गेलेली मुलगी जागेवर मनाने भाषांतर करते, प्रत्येक घरात वेगळं. त्यापेक्षा प्रश्न आधीच तेलुगूत लिहून घ्या, आणि मग दुसऱ्या कुणालातरी ते परत मराठीत करायला सांगा, मूळ मराठी न दाखवता. जुळलं नाही तर दुरुस्त करा. आणि आंध्र-तेलंगणातली पुस्तकी तेलुगू नको, इथल्या घरात बोलतात तसं पाहिजे, म्हणून भाषांतर इथल्याच बाईकडून करून घ्या.

तपासा: निवडीत नसलेल्या दहा-पंधरा घरांत फॉर्म भरून बघा. २० मिनिटांच्या वर गेला तर प्रश्न कापा. ज्या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात तो काढा, त्याने काही मोजलं जात नाही.

पायरी ६: घरात प्रत्यक्ष बघणं

माझ्या मते अख्ख्या मूल्यमापनात ही एक पायरी नीट झाली तर बाकी थोडं इकडेतिकडे चालेल. माणूस बोलण्यात चुकेल, पिंप खोटं बोलत नाही.

आधी विचारा, चपला बाहेर काढा, मग आत. पिण्याच्या पाण्यात स्वतःचा हात किंवा भांडं घालायचं नाही, घरातल्यांनाच झाकण काढायला सांगा. टॉर्च पाण्यावर मारा आणि तीस सेकंद तरी थांबा, कारण पाणी हललं की अळ्या तळाला जातात, घाईतला माणूस "अळी नाही" लिहून निघून जातो. शंका आली तर त्यांच्याच पांढऱ्या भांड्यात थोडं पाणी काढून उजेडात बघा.

यादी छापलेली असू द्या म्हणजे विसरणार नाही: पिंप, हौद, रांजण, सिमेंटची टाकी, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, छतावरचे टायर, जनावरांचं पाण्याचं भांडं. प्रत्येकाला तीन खुणा: पाणी आहे का, झाकण कसं आहे, अळी किंवा कोष आहे का. अबेट टाकलेलं कळलं तर तीही नोंद, म्हणजे अळी का नाही ते नंतर समजतं.

"झाकण कसं" याची व्याख्या आधी ठरवा नाहीतर प्रत्येक जण वेगळं लिहील. आपल्याकडे जुनी सोलापुरी चादर पिंपावर टाकायची पद्धत आहे, बाई अभिमानाने म्हणते "झाकलंय की ओ ताई, बघा." पण चादर ढिली असेल तर मध्येच झोळ पडून पाण्यात बुडते, कडेने डास आरामात आत. आम्ही ठरवलं होतं की कापड दोरीने आवळून बांधलेलं असेल, कुठेही फट नसेल तरच "योग्य". नुसतं टाकलेलं असेल तर "अर्धवट".

तपासा: दोन सर्वेक्षकांना वेगवेगळं पाठवून तीच दहा घरं बघायला लावा. नोंदी जुळल्या नाहीत तर ट्रेनिंग परत, मग मैदानात.

पायरी ७: कोण जाणार, कधी जाणार

ज्या ताईने सत्र घेतलं तिनेच जाऊन विचारायचं नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून लोक बरोबर उत्तरं देतात, आणि तिलाही स्वतःच्या कामाचे मार्क चांगले पडावेसे वाटतात. आशाताई सोबत घर दाखवायला येऊ देत, पण प्रश्न विचारताना त्यांनी बाहेर थांबावं. दोन वस्त्यांसाठी दोन वेगळ्या टीम लावू नका, दोन्ही टीमनी दोन्हीकडे अर्धी-अर्धी घरं करावीत, नाहीतर वस्तीतला फरक कुठला आणि टीमचा फरक कुठला हेच कळत नाही.

वेळ बघून जा. विडी वळणाऱ्या बाईला माल जमा करायला कारखान्यात जायचं असतं, त्या वेळी गेलात तर ती पटापट हो-हो म्हणून वाटेला लावते. नंतर घरी सूप मांडीवर घेऊन बसलेली असते तेव्हा हात चालू, तोंड मोकळं, गप्पा चांगल्या होतात. तिला हातातलं काम थांबवायला लावू नका, तिचा रोज त्याच्यावर आहे. नळ आलेल्या तासात तर कुणाच्याच दारात जाऊ नका. नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा, या दिवसांत पाहणी ठेवू नका.

संमती घ्यायची: कशासाठी विचारतोय, नाव बाहेर जाणार नाही, नको असेल तर नाही म्हणा, रेशन किंवा कुठल्या योजनेशी याचा संबंध नाही. हे शेवटचं मुद्दाम सांगा, नाहीतर घरकुलाचा सर्वे आला समजून लोक भलतीच उत्तरं देतात. विद्यार्थी असाल किंवा निष्कर्ष छापायचा विचार असेल तर नीतीसमितीची परवानगी आधीच काढा, नंतर मिळत नाही.

मोबाईलवर भरायचं तर कोबो टूलबॉक्स फुकट आहे, नेट नसताना चालतं, मराठी-तेलुगू दोन्ही फॉर्म त्यात बसतात.

पायरी ८: कार्यक्रम चालू असताना डायरी

छोटी गोष्ट, पण नंतर हीच वाचवते. कुठलं सत्र झालं, कुठलं रद्द झालं, किती वेळ चाललं, पाणी किती दिवसांनी आलं, फवारणी कधी झाली, गप्पी मासे कुणी सोडले, टीव्हीवर डेंग्यूची बातमी गाजली का. तारखेसकट, दोन्ही वस्त्यांची.

पायरी ९: एंडलाइन कधी

सत्र संपल्या संपल्या घेतलेली टेस्ट फक्त एवढंच सांगते की बाई झोपली नव्हती. सवय बघायची तर चार-सहा आठवड्यांनी एकदा जा आणि सहा महिन्यांनी एकदा, आणि अळ्यांचं खरं उत्तर पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, म्हणजे पाऊसही तोच. फंडिंग तेवढं टिकत नाही, माहीत आहे मला. मग निदान तुलनेच्या वस्तीवर जास्त भर द्या.

थांबा: तारीख वस्तीत आधी जाहीर करू नका. नाहीतर आदल्या रात्री सगळी पिंपं घासून तयार.

पायरी १०: हिशोब

एक्सेल पुरतं. अळ्यांचे तीन आकडे काढायचे. समजा १०० घरं बघितली, त्यांत पाण्याची ३८० भांडी, २४ घरांत आणि एकूण ४१ भांड्यांत अळ्या. घर निर्देशांक २४. भांडी निर्देशांक ४१ भागिले ३८० गुणिले १००, म्हणजे १०.८. ब्रेटो निर्देशांक म्हणजे दर १०० घरांमागे अळ्या असलेली भांडी, म्हणजे ४१. तिन्ही द्या, एकटा घर निर्देशांक फसवतो, कारण एका घरात एक भांडं असो की सहा, त्याला दोन्ही सारखंच.

मग फरकाचा फरक. समजा कार्यक्रमाच्या वस्तीत योग्य झाकण असलेली घरं ४० टक्क्यांवरून ६६ वर गेली, २६ ने वाढली. तुलनेच्या वस्तीत ३८ वरून ४९, म्हणजे ११ ने. तुमच्या कामाचा वाटा २६ नाही, १५. अहवालात १५ लिहा. २६ लिहायचा मोह होतो, वरिष्ठही म्हणतात मोठा आकडा टाका, पण दोन्ही आकडे शेजारी ठेवले की वाचणाऱ्याला कळतंच. तीच घरं दोन्ही वेळा बघितली असतील तर आधी-नंतरचा फरक योगायोगाचा नाही ना हे तपासायला मॅकनेमार ही जोडीच्या नोंदींची चाचणी लावतात, वेगवेगळ्या घरांसाठीची साधी काय-स्क्वेअर नाही. आणि १०० घरांवरच्या ५० टक्क्यांत दहा टक्के इकडे-तिकडे होऊ शकतात, तेव्हा ५२ चे ५५ झाले म्हणून पेढे वाटू नका.

सापडली नाहीत ती घरंही मोजा. बेसलाइनला २०० आणि एंडलाइनला १५० असतील तर ती ५० कोण होती ते बघा. भाड्याने राहणारी, गाव सोडून गेलेली असतील तर उरलेल्यांचं चित्र आपोआप चांगलं दिसतं.

पायरी ११: आकड्यामागचं कारण विचारा

माहिती वाढली आणि वागणं बदललं नाही, असा निकाल खूपदा येतो. तेव्हा लोकांना अडाणी ठरवून मोकळं होऊ नका. सहा-आठ बायकांची गटचर्चा घ्या, सासवा वेगळ्या, सुना वेगळ्या, कारण सासूसमोर सून तोंड उघडत नाही. प्रश्न एकच लांबवा: "सांगितलेलं काय जमलं नाही, आणि का?" आम्हाला मिळालेली उत्तरं अशी: नळ रात्री दोनला येतो, तेव्हा पिंप घासायचं का भरायचं. मोठ्या बॅरलला झाकण वेगळं विकत घ्यावं लागतं. हौद सिमेंटचा आहे, रिकामा करायला तळाला बूचच नाही. ही उत्तरं ज्ञानाच्या प्रश्नावलीत कधीच आली नसती.

अहवालाचं एक पान वस्तीसाठी मराठीत आणि तेलुगूत करा, महिला आरोग्य समितीच्या बैठकीत वाचून दाखवा, जमलं नाही ते आधी सांगा. आमच्या बैठकीत एका आजींनी ते पान ऐकून विचारलं की हौदाला बूच बसवायला किती खर्च येतो. प्लंबरला विचारून आलो, आणि पुढच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये "हौदाला बूच आहे का" हा एक प्रश्न वाढवला, बेसलाइनच्या आधी.